फाळक्यांचे मुद्रणपर्व

दादासाहेब फाळके म्हटले की गिरगावातील कॉरोनेशन थिएटर, ३ मे १९१३ ही तारीख आणि ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट एवढेच बहुतेकांना आठवते. तो दिवस उजाडला तेव्हा फाळक्यांनी वयाची त्रेचाळीस वर्षे नुकतीच पूर्ण केली होती. तोपर्यंत त्यांनी काय केले, याचे उत्तर साधारणपणे एका वाक्यात दिले जाते. ते चित्रकार होते, छायाचित्रकार होते, जादूगार होते आणि मुद्रक होते. यांतला शेवटचा शब्द सर्वांत घाईने उरकला जातो. वास्तविक त्यांच्या उमेदीची सर्वांत मोलाची वर्षे छापखान्यात गेली, आणि चित्रपटाकडे वळण्यापूर्वीचा त्यांचा सर्वांत कडू अनुभवही त्याच छापखान्यातला आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे पंडित. घरातली परंपरा पौरोहित्याची आणि पाठांतराची. वडिलांना मुंबईत संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. धुंडिराजांचा ओढा चित्रकलेकडे होता. १८८५ मध्ये ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि पुढे थोरले बंधू शिवरामपंत यांच्याकडे बडोद्याला गेले. तेथे सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. त्याचे प्रमुख होते प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले, तेव्हा तो डाग काढून दाखविणारे रसायनशास्त्रज्ञ ते हेच. चित्रकलेच्या वर्गात बसलेल्या या तरुणाचे हात रसायनांतही रमतात, हे गज्जरांनी ओळखले. कॅमेरा, प्रयोगशाळा आणि अंधारखोली त्यांनी त्याच्यासाठी मोकळी केली. पुढे त्याला रतलामला बाबूलाल वरुवाळकर यांच्याकडे पाठविले. तिरंगी ठसे, फोटोलिथो आणि अंधारखोलीतील छपाई हे तेथले शिक्षण होते.

हे शिक्षण नेमके कशाचे होते, हे समजल्याशिवाय फाळक्यांचे पुढचे आयुष्य उलगडत नाही. छापखान्याची शाई एक तर कागदावर उमटते किंवा उमटत नाही. फिकट काळी, करडी अशी अधलीमधली शाई नसते. मग छायाचित्रातील गालावरची मऊ सावली छापायची कशी? यावरचा उपाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाती आला. काचेच्या दोन तुकड्यांवर अत्यंत बारीक समांतर रेघा कोरून ते एकमेकांशी काटकोनात चिकटवायचे. ही जाळीदार काच मोठ्या प्रोसेस कॅमेऱ्यात निगेटिव्हच्या किंचित पुढे बसवायची. समोरच्या फळीवर मूळ चित्र लावून त्यावर प्रखर दिव्यांचा झोत सोडला की जाळीतून जाणारा प्रकाश चित्राचे बारीक ठिपके करतो. गडद जागी मोठे ठिपके, उजळ जागी लहान. डोळा लांबून पाहतो तेव्हा त्याला ठिपके दिसत नाहीत, सावली दिसते. हाच हाफटोन.

पुढचे काम धातूच्या पत्र्यावरचे. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर सरसासारखा पदार्थ आणि बायक्रोमेट क्षार यांचा पातळ थर चढवायचा. या थराचा गुण असा, की प्रकाश लागेल तेथे तो घट्ट होतो आणि जेथे लागत नाही तेथे पाण्याने धुऊन जातो. निगेटिव्ह या पत्र्याला घट्ट भिडवून उजेड दाखवायचा, पत्रा धुवायचा, तापवून उरलेला थर कडक करायचा आणि मग तो आम्लात सोडायचा. उघडा धातू आम्ल खाते, झाकलेले ठिपके उंच राहतात. त्या उंच ठिपक्यांवर शाई बसते. सांगायला हे सोपे आहे. त्या काळी निगेटिव्हसाठी कलोडियनची ओली काच वापरीत. ती वाळण्याच्या आत टिपून धुवावी लागे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती किती लवकर वाळत असेल, हे सांगायला नको. उजेड क्षणभर जास्त झाला तर सावल्या बुजतात, आम्लात पत्रा जरा अधिक राहिला तर ठिपकेच नाहीसे होतात. सारी भिस्त कारागिराच्या नजरेवर आणि अंदाजावर होती. आज वृत्तपत्रांच्या छापखान्यात संगणकावरचे पान लेसर किरण थेट अॅल्युमिनियमच्या प्लेटवर उमटवितो. निगेटिव्ह नाही, जाळीची काच नाही. तरी प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांनी रचलेले चित्र, हे मूळ तत्त्व तेच आहे.

फोटोलिथो हा त्याचाच भाऊबंद. त्यात प्रकाशाने पक्के झालेले चित्र चिकट शाईच्या कागदावरून शिळेवर उतरवीत. जस्ताच्या पत्र्यावर हेच केले की त्याला फोटोझिंको म्हणत. पुण्यातील सरकारी फोटोझिंको कार्यालयात नकाशे याच रीतीने निघत. घोडेगाव, जुन्नर, खेड या बाजूच्या डोंगरी मुलखात मोजणीदारांनी पायपीट करून काढलेले नकाशे हाताने पुन्हा पुन्हा नकलून घेण्याचे कष्ट या विद्येने वाचविले. सरकारदरबारी ती नकाशांपुरती होती. तिच्यातून कलेचा धंदा उभा करणे ही गोष्ट वेगळी होती.

तो धंदा उभा करायला फाळक्यांना दीड दशक लागले. मधल्या काळात त्यांनी गोध्र्याला छायाचित्रकाराचे दुकान थाटले. कॅमेरा माणसातले तेज शोषून घेतो, या समजुतीमुळे गिऱ्हाईक बिचकत असे. त्यातच प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघेही गेली. फाळके बडोद्याला परतले. नाटक कंपन्यांचे पडदे रंगविले, जादूचे प्रयोग शिकले आणि स्वतःच्या नावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते करूनही दाखविले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर या सासरी सरस्वतीबाई झाल्या. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी लागली. पोटापाण्याची चिंता मिटली होती.

ती नोकरी त्यांनी सोडली. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे महाराष्ट्रात जोरात वाहत होते. परदेशी छपाईची चित्रे येथे विकली जात असताना ही विद्या अंगी असलेल्या माणसाने सरकारी खात्यात रेषा ओढीत बसावे, हे त्यांना पटेना. लोणावळ्यास त्यांनी ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ सुरू केले. जागेची निवड विचारपूर्वक होती. जवळच मळवलीला राजा रविवर्मा यांनी स्थापन केलेला छापखाना होता. तो तोवर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला होता. मुंबईच्या माड्यांपासून घोडेगाव-जुन्नरकडच्या वाड्यांपर्यंत देवघरांत आणि ओसऱ्यांवर टांगल्या गेलेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या रंगीत तसबिरी या छापखान्याने लोकप्रिय केल्या. एकेका चित्राला अनेक शिळा लागत. प्रत्येक रंगाची शिळा निराळी आणि तीवर कारागिराने हाताने ठिपके भरायचे. फाळके या छापखान्यासाठी फोटोलिथोचे काम करू लागले, पुढे हाफटोन आणि तिरंगी ठसेही. त्या तसबिरींवर रविवर्म्यांचे नाव असे. अंधारखोलीत उभे राहून ठसा करणाऱ्याचे नाव चित्रावर घालण्याची रीत नव्हती. आजही नाही.

काम वाढले तसा छापखाना मुंबईत दादरला आला. १९०८ च्या सुमारास कलासंग्राहक शेठ पुरुषोत्तम विश्राम मावजी भागीदार झाले आणि छापखान्याचे नाव ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाले. ‘सुवर्णमाला’ हे सचित्र मासिक येथेच छापले जाई. तिरंगी छपाई ही त्या काळची सर्वांत अवघड छपाई. एकाच चित्राच्या तीन निगेटिव्ह तीन रंगांच्या काचांमधून घ्यायच्या. त्यांतील लाल काचेची फार वेळ घेई. प्रत्येक वेळी जाळी साधारण ३० अंशांनी फिरवायची, नाही तर ठिपक्यांवर ठिपके पडून चित्रावर लाटा उठतात. मग पिवळा, लाल आणि निळा हे तीन ठसे एकाच कागदावर एकमेकांवर अचूक बसवायचे. केसभर चुकले तर देवाच्या ओठांचा रंग हनुवटीवर येतो. त्यासाठी नवी यंत्रे हवी होती. १९०९ मध्ये फाळके जर्मनीला गेले आणि यंत्रे घेऊन आले. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्रीबुवांच्या मुलाने समुद्र ओलांडला तो प्रथम ठशांसाठी, सिनेमासाठी नव्हे. हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

छापखान्याचा लौकिक झाला आणि भागीदारी फुटली. कारभार कसा चालवावा यावर मतभेद वाढले. दोष कोणाचा, याचा निवाडा आज करण्यात अर्थ नाही. भांडवल एकाचे आणि हुन्नर दुसऱ्याचा असला की असे पुष्कळदा होते. पण फाळक्यांच्या वागण्यात एक गोष्ट त्यांच्या स्वभावाची होती. त्यांनी हिशेबाला न बसता, पैशाचा लाभ न घेता छापखाना सोडला. वीस वर्षे हातात मुरविलेली विद्या होती. दुसरा छापखाना काढून द्यायला भांडवलदार तयार होते. फाळक्यांनी नकार दिला. घरात बायको, मुले, उत्पन्न नाही, वय चाळिशीचे. शहाण्या माणसाने असे करू नये, असेच कोणीही म्हटले असते.

गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला तो याच रिकाम्या दिवसांत. ही हकिगत सर्वश्रुत आहे, ती येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. मात्र पडद्यावर हलणारी चित्रे पाहताना या प्रेक्षकाला जे दिसत होते ते शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला दिसत नव्हते. प्रकाश, संवेदनशील थर, अंधारखोली, निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह, या सगळ्यांशी त्याची जुनी ओळख होती. नवीन होती ती गती. दिवसरात्र चित्रपट पाहण्याच्या आणि प्रयोग करण्याच्या ध्यासात त्यांची दृष्टी गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत मिळाली. ज्याची सारी मिळकत नजरेवर होती त्याच्या घरात ते दिवस कसे गेले असतील, याची कल्पना केलेली बरी.

पुढे १९१२ च्या फेब्रुवारीत ते विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला आणि एप्रिलमध्ये परतले. भांडवल मिळवायला त्यांनी जी युक्ती केली ती एका मुद्रकालाच सुचावी अशी होती. कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराचे रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी मिनिटभराची फिल्म केली. त्यात बीज डोळ्यांदेखत रोप होते. ठिपके पाहणाऱ्याला सावली दिसते, तसे सुटे क्षण पाहणाऱ्याला वाढ दिसली. पैसे देण्यास पुढे आले ते यशवंतराव नाडकर्णी. तेही फोटोग्राफीच्या साहित्याचे व्यापारी, म्हणजे जुन्या धंद्यातलीच ओळख.

‘राजा हरिश्चंद्र’ची फिल्म धुतली गेली ती दादरच्या घरात. कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडून मिळत नसत, ती घरीच अंधारात पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. फिल्म कॅमेऱ्यात भरणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे यांतही त्या तरबेज झाल्या. दिवसा चित्रीकरणाच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक आणि रात्री अंधारखोली, असा त्यांचा क्रम होता. दागिने त्याआधीच विकले गेले होते. रतलामला आणि बडोद्याला मिळालेल्या विद्येची खरी वारस सरस्वतीबाईच म्हणायला हव्यात.

त्यानंतरची वर्षे चित्रपटाच्या इतिहासात सविस्तर नोंदलेली आहेत. ‘लंकादहन’चे यश, १९१८ मध्ये नाशिकला स्थापन झालेली हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी, तेथेही भागीदारांशी झालेले मतभेद, मग बोलपटांचा जमाना आणि १९३७ चा ‘गंगावतरण’. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे फाळके निवर्तले. त्यांच्या नावावर सुमारे शंभर चित्रपट आहेत. नायट्रेट फिल्म लवकर कुजते आणि पेटतेही, त्यामुळे त्यांतील मोजक्यांचे तुकडे तेवढे आज उरले आहेत. ‘लक्ष्मी आर्ट’च्या तिरंगी ठशांनी छापलेली ‘सुवर्णमाले’ची पाने मात्र जुन्या संग्रहांत अजून पाहायला मिळतात.