वालचंद हिराचंद आणि विमानाचा पत्रा

लासुर्ण्याजवळचं वालचंदनगर आपल्या मुलांना ठाऊक असतं. पण ज्यांचं नाव त्या गावाला मिळालं, त्यांनी विमानाचा कारखानाही काढला होता, हे सांगितलं की पोरं डोळे मोठे करतात.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. आधी रेल्वेची ठेकेदारी, १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी, मग इथल्या माळावर ऊस आणि साखर कारखाना. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली. १९४१ मध्ये तिथलं पहिलं हार्लो विमान उडालं.

ते विमान पत्र्याचं होतं, आणि खरी कसोटी तिथेच. रिव्हेट ठोकला की त्याची दांडी भोकात फुगते, भोवतालचा पातळ पत्रा ढकलते. एका रिव्हेटने फरक केसाएवढा. शेकडो रिव्हेट बसले की पत्रा लांबतो, वाकतो, त्यावर लाटा येतात. म्हणून तो किती सरकेल याचा अंदाज आधीच बांधायचा. आई शिवताना कापडाला टाचण्या लावते ना, तसा पत्रा तात्पुरत्या पिनांनी धरायचा आणि मधून कडेकडे रिव्हेट मारत जायचं.

चरित्रात हा भाग दोन ओळींत उरकतात. मला ते पटत नाही.

१९४२ मध्ये, ऐन युद्धात, सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. एवढ्या कष्टाने उभारलेला कारखाना हातून गेला. वालचंद पुन्हा मोटारी आणि जहाजांकडे वळले. ८ एप्रिल १९५३ रोजी ते वारले. तो कारखाना १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला.