जुझेप्पे बोर्सालिनो : हॅटमागचा माणूस



येरुशालायिमला किंवा बने ब्राकला शब्बाथच्या दिवशी रस्त्यात पाहावं तिकडे काळ्या हॅट दिसतात. पुष्कळ लोक त्या हॅटला सरळ बोर्सालिनोच म्हणतात. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे ना, तसंच. पण बोर्सालिनो हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि तो माणूस यहुदी नव्हता. आज त्याच्याविषयीच लिहितो.

जुझेप्पे बोर्सालिनोचा जन्म १८३४ साली उत्तर इटलीत, आलेस्सांद्रिया शहराजवळच्या पेचेत्तो गावात झाला. लहान वयातच तो हॅटच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. पुढे त्याने फ्रान्स गाठलं, पॅरिसच्या एका कारखान्यात कित्येक वर्षं काढली आणि उस्ताद कारागीर होऊनच तो परतला. ४ एप्रिल १८५७ रोजी भाऊ लाझ्झारो याला जोडीला घेऊन त्याने आलेस्सांद्रियात स्वतःचा छोटा कारखाना उघडला. तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. त्या भागातल्या यहुद्यांना १८४८ साली समान हक्क मिळाले होते आणि आलेस्सांद्रियातही आपल्या लोकांची वस्ती होती.

अशी हॅट कापड शिवून होत नाही बरं का. सशाचे बारीक केस साफ करून, ते गरम पाण्याने आणि वाफेने एकमेकांत घट्ट गुंतवतात. आधी मोठ्ठा, सैल शंकू तयार होतो. तो आळवत आळवत लहान करायचा, रंगवायचा, लाकडी साच्यावर चढवायचा, घासून मऊ करायचा. एका हॅटला कित्येक आठवडे लागतात. ससा आपल्याला खायला वर्ज्य, पण डोक्यावर चालतो! या धंद्याला एक काळी बाजूही होती. त्या काळी केस नीट गुंतावेत म्हणून पाऱ्याचं द्रावण वापरत, आणि त्याच्या वाफेने युरोपात कितीतरी कारागिरांचे हात कापू लागले, डोकी बिघडली.

जुझेप्पेचा कारखाना वाढत गेला. १८८८ साली तो नव्या मोठ्या जागेत आला. शहरातल्या बायकामुली तिथे कामाला जात आणि लोक त्यांना बोर्सालिने म्हणत. १ एप्रिल १९०० रोजी जुझेप्पे वारला. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या कारखान्याला सर्वोच्च बक्षीस मिळालं. ज्या शहरात तो मजूर म्हणून राबला, तिथेच.

मग घराण्यात जे होतं तेच झालं. जुझेप्पेचा मुलगा तेरेसिओ गादीवर आला आणि लाझ्झारोच्या मुलाने वेगळं होऊन आपला कारखाना काढला. एकाच आडनावाच्या दोन हॅट बाजारात भांडू लागल्या. पुढे दोन्ही कारखाने पुन्हा एक झाले. तरी पहिल्या महायुद्धाआधी तेरेसिओच्या कारखान्यातून वर्षाला सुमारे २० लाख हॅट निघत होत्या. त्याने शहराला पाण्याची व्यवस्था, गटारं आणि क्षयरोग्यांसाठी रुग्णालय दिलं. बापाने शहराला काम दिलं, मुलाने पाणी दिलं, असं मी म्हणेन.

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी आलेस्सांद्रियातूनही यहुद्यांना पकडून नेलं. युद्धानंतर जगाने हॅट घालणंच सोडलं. कारखाना घराण्याच्या हातून गेला, १९८० च्या दशकात शहराबाहेर हलला, आणि २०१७ साली कंपनीचं दिवाळं निघालं. २०१८ मध्ये नव्या मालकाने ती विकत घेतली, आणि आजही तिथे हॅट बनतात.

मला यात एक गोष्ट फार विचार करायला लावते. फॅशन म्हणून हॅट घालणारे गेले. शब्बाथसाठी, तेफिलासाठी घालणारे राहिले. हे गिऱ्हाईक दर पिढीला मुलाच्या डोक्यावर नवी हॅट ठेवतं. जुझेप्पेने ज्यांचा कधी विचारही केला नसेल, अशा लोकांनी त्याचं नाव टिकवलं.

आपले पूर्वज कोकणात घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून आपण शनवार तेली. पुढे पलटण, रेल्वे, सरकारी कचेऱ्या आल्या नि घाणा सुटला. वाडवडिलांचं पागोटंही आता फक्त जुन्या फोटोत दिसतं. पण शनिवार सुटला नाही, कारण तो दर आठवड्याला पाळावा लागला. धंदा असो, टोपी असो की आपली मराठी, जी गोष्ट आपण घरात रोज वापरू तीच मुलांपर्यंत पोचेल. नुसती फोटोत जपून भागणार नाही.