पालथे पिंप : डॉ. रोनाल्ड रॉस

हिवतापाचे कोडे उलगडणारे डॉ. रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्यास झाला. वडील सैन्यात अधिकारी. मुलाचा ओढा काव्य व संगीत यांकडे. परंतु वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यांनी वैद्यक पत्करले व १८८१ साली ते हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत रुजू झाले.

१८८३ साली बंगळूरच्या बंगल्यात डासांनी त्यांना भंडावून सोडले. खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. त्यांनी पिंप पालथे केले आणि डास कमी झाले. डास हिवताप पसरवतो, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते.

१८९४ साली लंडनच्या डॉ. मॅन्सन यांनी तो संशय त्यांच्या मनात भरविला. मग सिकंदराबादच्या उकाड्यात रॉस सूक्ष्मदर्शकास डोळा लावून बसू लागले. डास उडू नयेत म्हणून पंखासुद्धा हलू देत नसत. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी, रुग्णाचे रक्त प्यालेल्या एका डासाच्या पोटात त्यांना हिवतापाचे जंतू आढळले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. फ्रीटाउन, इस्माइलिया, मॉरिशस येथे जाऊन त्यांनी डबकी बुजविण्याचा व पाणी वाहते करण्याचा आग्रह धरला. प्रत्येक डास मारावा लागत नाही, संख्या पुरेशी घटली की रोग ओसरतो, हे त्यांनी गणिताने मांडले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी ते निवर्तले.

पुढे डी.डी.टी. आले. फवारणीमुळे १९६५ साली भारतातील रुग्ण सुमारे १ लाखावर आले, आणि पिंपाचा विसर पडला. परंतु फवाऱ्यातून वाचलेल्या डासांची संतती त्या औषधास दाद देईना. कामात ढिलाईही आली. १९७६ साली रुग्ण ६४ लाखांवर गेले!

भगिनींनो, नव्या औषधासही डास कालांतराने सरावतो. पालथ्या पिंपास मात्र तो सरावू शकत नाही. शहरातील हिवतापाचा डास आपल्याच हौदांत व गच्चीवरील टाक्यांत वाढतो. अंड्याचा डास होण्यास साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून टाकीस घट्ट झाकण हवे, आणि आठवड्यातून एक दिवस पिंप, रांजण रिकामे करून, घासून, कोरडे ठेवावे. डॉ. रॉस यांनी बंगळूरास केले ते एवढेच, आणि ते आपल्या हातचे आहे.