गोलंदाजाचे मोल

श्रमाला बाजारात किंमत मिळते; प्रतिष्ठा मिळतेच असे नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सहसा न सापडणारा हा भेद बाळू पालवणकर यांच्या आयुष्यात लख्खपणे दिसतो.

त्यांचा जन्म १८७६ साली धारवाडला, चांभार कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ कोकणातील पालवणचे. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणे, जाळी बांधणे ही त्यांची नोकरी. वेतन दरमहा ४ रुपये. साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकणे हेही ओघाने आलेच. फलंदाजी मात्र साहेबांचा हक्क. ग्रेग हा निष्णात फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास सराव करून घेई आणि आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरल्यास, आठ वेळा ग्रेगला बाद केले की महिन्याचा पगार वसूल! या विषम करारातूनच भारतातील पहिला थोर डावखुरा फिरकी गोलंदाज घडला.

युरोपियनांना हरवावयाचे तर बाळूंवाचून गत्यंतर नाही, हे पुण्याच्या हिंदू क्लबाच्या ध्यानी आले. बऱ्याच वादानंतर त्यांना संघात प्रवेश मिळाला. पण तो मैदानापुरता. तेथे सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेलाच चेंडू हाती घेत. चहाच्या वेळी मात्र त्यांना तंबूबाहेर, निराळ्या मातीच्या पात्रात चहा दिला जाई. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. जेथे स्वार्थ तेथे रूढी सैल होते आणि स्वार्थ संपताच पुन्हा आवळली जाते, याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल.

पुढे ते मुंबईस आले. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली व हिंदू जिमखान्याच्या संघात स्थान मिळाले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण परक्या हवेत, परक्या खेळपट्ट्यांवर बाळूंनी ११४ बळी घेतले. लीस्टरशायरविरुद्धच्या एकाच सामन्यात त्यांनी ११ बळी टिपले आणि तो सामना भारतीयांनी जिंकला.

अशी माणसे अन्यत्रही झाली. जर्मन वंशाचा पिता व आफ्रिकी वंशाची माता यांच्या पोटी जन्मलेला ब्राझीलचा आर्थर फ्रीडेनराइख १९२५ साली पावलिस्तानो संघाबरोबर युरोपात गाजला. फुटबॉल तेव्हा त्याच्या देशात श्रीमंत गोऱ्यांच्या क्लबांचा खेळ होता. गुण निर्विवाद असले तरी मान वादग्रस्त राहतो, हा अनुभव एका देशापुरता नाही.

परदेशात नाव कमावूनही बाळूंना हिंदू संघाचे नियमित कर्णधारपद कधीच मिळाले नाही. १९२० साली त्यांना वगळण्यात आले, तेव्हा शिवराम व विठ्ठल या बंधूंनी निषेध म्हणून संघ सोडला. जनमताच्या दडपणाखाली बाळूंना उपकर्णधारपद द्यावे लागले; १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. थोरल्याचे देणे धाकट्याच्या नावे फेडले गेले, एवढेच.

निवृत्तीनंतर ते राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ साली काँग्रेसच्या वतीने ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. ज्यांच्या पिढीला त्यांची कीर्ती आधार वाटली, त्याच समाजाने आता कीर्तीपेक्षा हक्काची भाषा निवडली होती. या पराभवाने त्यांच्या कर्तृत्वास उणेपणा येत नाही; एकट्याच्या गुणवत्तेची मर्यादा मात्र त्यातून स्पष्ट होते. १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

चारठाण्यासारख्या गावी मोकळ्या रानात चेंडू टाकणाऱ्या एखाद्या मुलाला उद्या संघात जागा मिळेलही. खरी कसोटी त्यानंतरची आहे. सामना संपल्यावर त्याला चहा कोठे बसून मिळतो आणि संघाचे नेतृत्व निवडताना त्याचे नाव पुढे येते काय, यावरूनच समाजाचा हिशेब मांडावा लागेल.