कामगारांना कायद्याचे कवच देणारे ना. म. जोशी

मुंबईच्या गिरणगावातील डिलाईल रोडला ना. म. जोशी यांचे नाव देण्यात आले आहे. भारतातील संघटित कामगार चळवळीचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यात शिक्षण झाल्यावर काही वर्षे त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. १९०९ साली ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि कामगार वस्त्यांशी त्यांचा निकटचा संबंध आला.

गैरहजर कामगाराच्या जागी काम मिळावे म्हणून बदली कामगार सकाळी गिरणीच्या दरवाजाशी उभे राहत. कोणाला आत घ्यायचे, हे जॉबर ठरवी. गरजेप्रमाणे माणसे कमी-अधिक करण्याची मालकांची सोय होई. अनिश्चिततेचा भार मात्र कामगार वाही. अहमदाबादेत १९१८ च्या संपानंतर लवादाची प्रथा रुजली आणि १९२० मध्ये मजूर महाजन उभे राहिले. धंदा एकच असूनही दोन शहरांच्या वाटा अशा भिन्न होत्या.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. तेथे आठवड्याच्या कामाची मर्यादा सर्वसाधारणपणे ४८ तास ठरली. भारतासाठी मात्र ती ६० तास ठेवण्यात आली. १९२२ च्या कायद्याने ती ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाली. संस्थाने त्या कक्षेबाहेरच राहिली. ही मर्यादा बारमाही कारखान्यांसाठी १९३४ मध्ये ५४ तासांवर आणि १९४६ मध्ये ४८ तासांवर आली. जगाने मान्य केलेली मर्यादा भारतीय कामगाराच्या पदरी पडण्यास २७ वर्षे लागली.

१९२० मध्ये आयटकची स्थापना झाली, तीत जोशींचा पुढाकार होता. मध्यवर्ती कायदेमंडळात १९२१ साली त्यांनी मांडलेल्या ठरावातून १९२६ चा कामगार संघटना कायदा आकारास आला. प्रसूतीच्या काळात स्त्री कामगारांना आर्थिक साहाय्य मिळावे, यासाठी १९२४ मध्ये त्यांनी आणलेले विधेयक मात्र फेटाळले गेले. पुढे मुंबई प्रांताने १९२९ मध्ये व मध्य प्रांताने १९३० मध्ये असे कायदे केले. बंगालला त्यासाठी १९३९ उजाडावे लागले. एकाच देशातील बाळंतिणीचा हक्क ती कोणत्या प्रांतात राबते यावर अवलंबून राहिला.

१९२९ साली जोशी शाही कामगार आयोगाचे सदस्य झाले. आयोगावरील बहिष्कारासह अन्य प्रश्नांवरून त्याच वर्षी नागपूर अधिवेशनात आयटक फुटली आणि जोशी सहकाऱ्यांसह बाहेर पडले. सरकारी आयोगावर बसल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. परंतु कामगारांची बाजू मांडण्याची कोणतीही जागा रिकामी सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कालांतराने ऐक्य झाले आणि १९४० मध्ये सरचिटणीसपद पुन्हा त्यांच्याकडे आले.

३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. प्रसूती साहाय्याचा केंद्रीय कायदा १९६१ मध्ये झाला, तो पाहण्यास ते हयात नव्हते. उद्योगाच्या सोयीला मर्यादा हवी आणि ती प्रांताप्रांतांत वेगळी नसावी, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले.