युद्धभूमीवरच्या रुग्णालयाचे सोलापूरकर संचालक

जानेवारी १९४१. उत्तर चीनच्या डोंगराळ भागात जपानी फौजांशी लढणाऱ्या आठव्या रूट आर्मीने आपल्या एका महत्त्वाच्या रुग्णालयाचे संचालकपद परदेशी डॉक्टरकडे सोपवले. वय अवघे तीस, गाव सोलापूर. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांच्या त्यागाची कथा मराठी घरांत परिचयाची आहे. पण लष्करी रुग्णालय चालवणारा प्रशासक आणि शिक्षक म्हणून त्यांनी केलेले काम तितकेसे सांगितले जात नाही.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. वडील गिरणीत नोकरीला होते. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाची तयारी सुरू होती. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. तेथील सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने निधी उभा राहिला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. त्यात अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून बोटीने निघाले.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. डॉ. कोटणीस घरी परतले नाहीत. १९३९ च्या सुरुवातीला पथक येनानला पोहोचले. पुढे डॉ. बसूंसोबत ते थेट युद्धक्षेत्रात गेले.

या भागातल्या युद्धवैद्यकाची घडी कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी बसवली होती. जखमी सैनिक डॉक्टरपर्यंत येईल याची वाट न पाहता डॉक्टरने त्याच्यापर्यंत जायचे, हे त्यांचे सूत्र. त्यामागे साधे शास्त्र आहे. गोळीच्या जखमेत माती, कपड्याचे तुकडे आणि मेलेले स्नायू अडकतात. तिथे जंतू झपाट्याने वाढतात. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात जखम किती लवकर साफ होते, यावर हात, पाय आणि जीव वाचणे अवलंबून असे. खुद्द बेथ्यून यांचे बोट शस्त्रक्रिया करताना कापले आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरून नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याच नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची जबाबदारी डॉ. कोटणीसांवर आली.

नाव मोठे असले, तरी साधने तुटपुंजी होती. शत्रूच्या नाकेबंदीमुळे औषधे आणि उपकरणे मिळणे कठीण. जखमी गावोगावच्या शेतकऱ्यांच्या घरांत ठेवले जात. जपानी तुकडी जवळ आली की रुग्णांसह मुक्काम हलवावा लागे. अशा ठिकाणी संचालकाचे काम शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी संपत नाही. कोणाला आधी घ्यायचे, उरलेले औषध कोणासाठी राखायचे, कोणाला कुठे हलवायचे, हे निर्णय रोजचे होते. १९४० च्या मोठ्या मोहिमेत रात्रंदिवस शस्त्रक्रिया करून त्यांनी शेकडो जखमींवर उपचार केले होते. पण एकटा शल्यविशारद किती ठिकाणी पुरणार? म्हणून ते चिनी भाषा शिकले, रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय शाळेत त्या भाषेत शिकवू लागले आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहू लागले.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांची चिनी नावे जोडून त्याचे नाव यिनहुआ ठेवले गेले.

या धावपळीत त्यांचा स्वतःचा आजार बळावत होता. त्यांना अपस्माराचे, म्हणजे फिटचे झटके येत. मेंदूतल्या पेशींचे विद्युत संदेश अचानक बेताल झाले की फिट येते. अपुरी झोप आणि अतिश्रम झटक्याला निमंत्रण देतात. फिट आटोक्यात ठेवणारे फिनोबार्बिटल तेव्हा जगाला माहीत होते, फेनिटॉइनचा वापरही १९३८ पासून सुरू झाला होता. मात्र असे औषध रोज, न चुकता घ्यावे लागते आणि सोबत पुरेशी झोप लागते. आघाडीवर या दोन्ही गोष्टी दुर्मीळ होत्या. विश्रांतीचा सल्ला मिळूनही त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, झटक्यांनीच त्यांचा अंत झाला. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. दुसरे पाठ्यपुस्तक अपुरेच राहिले.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने त्यांची कथा देशभर पोहोचवली. चीनमधील शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे.

डॉ. कोटणीसांना जे मिळू शकले नाही, ते आज बहुतेकांच्या आवाक्यात आहे. नियमित औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबवता येतात. तरीही आपल्याकडे फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, तोंडात चमचा घातला जातो. याचा उपयोग नाही, उलट इजा होऊ शकते. रुग्णाला कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि झटका किती वेळ टिकतो ते घड्याळात पाहावे. पाच मिनिटांत तो थांबला नाही, तर लगेच रुग्णालय गाठावे. झटके थांबले म्हणून औषध मनाने बंद करू नये, आणि रात्रीच्या झोपेला कधीही दुय्यम मानू नये.