डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर
जर्मन भाषेच्या वाटेने महाभारताकडे

परभाषा शिकण्याचा प्रसंग आला म्हणजे पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कपाळास आठी पडते. इंग्रजीचे ओझे काय थोडे आहे, त्यात आणखी एक भाषा कशास, असे त्यांस वाटते. अशा विद्यार्थ्यांनी डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांचे चरित्र अवश्य वाचावे. या गृहस्थांनी तरुणपणी परदेशात जाऊन जर्मन भाषेत विद्या संपादन केली, आणि त्या विद्येचे फळ आपल्याच देशाच्या सर्वांत मोठ्या ग्रंथाच्या पायाशी आणून ठेविले.

विष्णुपंतांचा जन्म ४ मे १८८७ रोजी मुंबईस झाला. ते पुढे विलायतेस केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजात गेले. तेथे त्यांचा विषय संस्कृत नसून गणित होता. गणिताची पदवी घेतलेल्या तरुणास त्या काळी मानाची व सुखाची नोकरी मिळणे कठीण नव्हते. परंतु त्यांचे मन संस्कृत विद्येकडे ओढ घेऊ लागले. मळलेली वाट सोडून त्यांनी नवी धरली, आणि ती वाट बर्लिन शहरातून जात होती.

संस्कृत शिकण्यास जर्मनीला जावे, हे ऐकून आमच्या बालवाचकांना हसू येईल. पण त्या काळची स्थिती अशी होती की, संस्कृताचा सूक्ष्म अभ्यास करणाऱ्यास जर्मन भाषेवाचून गत्यंतर नसे. बोटलिंक व रोट या दोन पंडितांनी १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत सात खंडांचा जो थोर संस्कृत कोश सिद्ध केला, त्यातील अर्थ जर्मन भाषेत दिलेले. पाणिनीच्या सूत्रांची बोटलिंककृत आवृत्ती जर्मन भाषांतरासह निघालेली. वाकरनागेल यांचे प्राचीन संस्कृताचे व्याकरणही जर्मनच. आपल्या घरचे धन परक्याच्या पेटीत जपून ठेविलेले होते, आणि त्या पेटीची किल्ली म्हणजे ती भाषा.

ती किल्ली हाती येणे सोपे नव्हते. आपल्याकडील विद्यार्थी त्या देशात उतरला म्हणजे पहिले काही आठवडे त्याची स्थिती मुक्या-बहिऱ्यासारखी होई. इंग्रजीत वाचलेली रोमन लिपी उपयोगी पडेल अशी त्याची समजूत असावयाची. पण वर्तमानपत्रे व सामान्य पुस्तके गॉथिक वळणाच्या काळ्याभोर, टोकदार अक्षरांत छापलेली असत, आणि तेथील लोकांचे हस्ताक्षर त्याहूनही निराळे. वर्गात अध्यापक भरभर बोलत जात. वाक्याचे क्रियापद कधी येईल याची वाट पाहता पाहता पुढील वाक्य सुरू होई.

तथापि मराठी मुलास या भाषेत काही जुने सोबतीही भेटतात. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंगभेद नाही. जर्मन भाषेत मात्र आपल्या तो, ती, ते यांप्रमाणे तीन लिंगे आहेत. तेथे सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी! परंतु जो घरी लेकरू आणि पोर हे शब्द नपुंसकलिंगात वापरतो त्याने याचे फारसे नवल मानू नये. इंग्रज वीस आणि पाच म्हणतो. जर्मन मनुष्य आपल्या पंचविसाप्रमाणे आधी पाच म्हणतो, मग वीस. गौण वाक्यातील क्रियापद तो आपल्यासारखेच शेवटी ठेवितो. आणि त्याचे ते लांबलचक जोडशब्द पाहून इंग्रज विद्यार्थी घाबरला तरी संस्कृतातील समास सोडविलेल्या विद्यार्थ्याने का घाबरावे? तात्पर्य, नवी भाषा शिकताना मातृभाषा अडथळा नसून आधार होते. मात्र ती नीट आलेली असावी लागते.

बर्लिन विद्यापीठात सुकथनकरांना हाइन्रिख ल्यूडर्स हे गुरू लाभले. मध्य आशियाच्या वाळवंटातून जर्मन संशोधकांनी आणलेल्या जीर्ण पत्रांचे तुकडे जुळवून ल्यूडर्स यांनी १९११ साली अश्वघोष कवीच्या हरवलेल्या संस्कृत नाटकाचे अवशेष प्रसिद्ध केले होते. जो गुरू चिंधीएवढ्या तुकड्यावरील एका अक्षरासाठी दिवस खर्ची घालतो, त्याच्याजवळ राहून शिष्य काय शिकला असेल हे सांगणे नलगे. सुकथनकरांनी शाकटायन नावाच्या जैन वैयाकरणाच्या ग्रंथावर जर्मन भाषेत प्रबंध लिहिला व डॉक्टरची पदवी संपादन केली. १९१४ साली महायुद्ध पेटले, आणि तो प्रबंध पुस्तकरूपाने छापून निघण्यास १९२१ साल उजाडले.

या गुरुशिष्यांचा आमच्या जुन्नर प्रांताशीही संबंध येतो. ल्यूडर्स यांनी १९१२ साली भारतातील ब्राह्मी शिलालेखांची जी मोठी यादी प्रसिद्ध केली, तीत नाणेघाटातील आणि जुन्नरच्या लेण्यांतील लेखांची नोंद आहे. आपल्या डोंगरावरील ज्या अक्षरांकडे गुराखी सहज पाहून पुढे जातो, ती बर्लिनच्या एका खोलीत काळजीपूर्वक वाचली जात होती! स्वदेशी परतल्यावर सुकथनकर पुराणवस्तुसंशोधन खात्याच्या पश्चिम विभागात अधिकारी झाले. नाणेघाटात ज्यांचे लेख कोरलेले आहेत त्या सातवाहन राजांचे मूळ स्थान बल्लारीच्या बाजूस असावे, असे मत त्यांनी शिलालेखांच्या आधारे मांडले. ते सर्व पंडितांनी मानले नाही. पण पुराव्यावाचून बोलावयाचे नाही, ही त्यांची शिस्त त्यातही दिसते.

त्यांचे खरे जीवितकार्य मात्र पुढेच होते. महाभारताची सर्व हस्तलिखिते ताडून पाहून शुद्ध आवृत्ती काढावी, असा विचार युरोपातील पंडितांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाला होता. १९०८ साली खुद्द ल्यूडर्स यांनी तिच्या काही पानांचा नमुना छापून दाखविला. परंतु महायुद्धामुळे ते काम तेथेच थांबले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली ते हाती घेतले, आणि १९२५ साली त्याचे प्रमुख संपादकत्व सुकथनकरांकडे आले. गुरूच्या देशात अडलेले काम शिष्याने आपल्या देशात उभे केले.

हे काम कसे चालते ते शाळेच्या उदाहरणाने समजेल. फळ्यावरील उतारा दहा मुलांनी लिहून घेतला आणि चौघांच्या वह्यांत तीच विचित्र चूक सापडली, तर त्या चौघांनी एकमेकांचे पाहून लिहिले हे शिक्षक तत्काळ ओळखतो. मग त्या चार साक्षी मिळून एकच साक्ष ठरते. हस्तलिखितांचेही असेच. ग्रीक काव्ये व बायबल यांच्या जुन्या प्रतींवर पंडितांनी हीच कसोटी चालविली होती. सुकथनकरांनी शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा अनेक लिप्यांतील प्रती मागवून त्यांची कुळे लाविली. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे साठ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. गणिताच्या अभ्यासाने आलेला काटेकोरपणा येथे कामी आला. आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले.

त्यात त्यांच्या सचोटीची मोठी परीक्षा झाली. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? आमच्या तालुक्यात तर लेण्याद्री आणि ओझर ही गणपतीची दोन प्रसिद्ध क्षेत्रे आहेत. परंतु ती कथा महत्त्वाच्या जुन्या प्रतींत नाही असे आढळून आले. लोकांच्या आवडीस्तव ती मूळ संहितेत राहू द्यावी, असा मोह दुसऱ्या कोणास झाला असता. सुकथनकरांनी ती संहितेतून काढली. पण फेकूनही दिली नाही, परिशिष्टात जपून छापली. श्रद्धेचा उपहास नाही आणि पुराव्याशी प्रतारणाही नाही, असा तो मार्ग होता. तो चालावयास धैर्य लागते.

१९४२ साली आरण्यकपर्व पुरे झाले. पुढे मुंबईस महाभारताच्या अर्थावर त्यांची व्याख्यानमाला योजिली होती. तिचे चौथे व्याख्यान देण्यापूर्वीच, २१ जानेवारी १९४३ रोजी, त्यांस मृत्यूने गाठले. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते, आणि गुरूचा देश व शिष्याचा देश परस्परविरोधी गोटांत होते. त्याच वर्षी मे महिन्यात ल्यूडर्सही जर्मनीत निवर्तले. राज्ये लढली, परंतु त्या दोघांनी जोडलेला विद्येचा धागा तुटला नाही. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर व डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते संपादनकार्य पुढे नेले, आणि १९६६ साली महाभारताची संशोधित संहिता पूर्ण झाल्याचे जाहीर झाले.

विद्यार्थ्यांनो, परकी भाषा शिकल्याने मनुष्य आपल्या भाषेस परका होतो, अशी भीती पालकांस कधी कधी वाटते. सुकथनकरांचे चरित्र त्या भीतीस उत्तर आहे. नव्या भाषेच्या पहिल्या कठीण आठवड्यांत ज्याने पुस्तक मिटून ठेविले नाही, त्यास ती भाषा काय काय देऊ शकते, याचा पुरावा पुण्यास भांडारकर मंदिरात महाभारताच्या त्या भारदस्त खंडांच्या रूपाने उभा आहे. पुण्यास गेलात तर ते पाहून या. आणि नाणेघाट चढलात तर तेथील अक्षरांपाशी क्षणभर थांबा.